नगण्यबाई

धायगुड्यांच्या देवघराशेजारी दोन जनुकपत्रिका चौकटीत लावलेल्या होत्या. हल्ली बार्शीत कुणाकडेही जा, हेच. मूल जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, यंत्रानं त्यातली जनुकं वाचायची आणि कुठल्या दुखण्याचा धोका किती, ते बारशाआधी कागदावर हजर!

धाकट्या निहारच्या पत्रिकेत आंत्रपुच्छ, म्हणजे आपलं अपेंडिक्स, सुजण्याचा धोका 'मोठा' निघाला. मग काय, पाचव्या वर्षीच ते काढून टाकलं. थोरल्या शाल्मलीच्या पत्रिकेत त्याच रकान्यात 'नगण्य' असं लिहिलेलं. झालं! घरात पोरीचं नावच पडलं, नगण्यबाई.

म्हणून मंगळवारी शाळेतून येऊन ती पोट धरून बसली, तेव्हा तिची आई, रेवती, चक्क हसली. "काय नगण्यबाई, उद्या गणिताची चाचणी वाटतं?"

"आई, खरंच दुखतंय गं. इथं, उजवीकडं."

शंका नको म्हणून रेवतीनं पत्रिका पुन्हा वाचली. नगण्य. मग पोट साफ व्हावं म्हणून तिनं चहातून चमचाभर एरंडेल पाजलं, वर ओवा चघळायला दिला. लहानपणी तिची आई तिला असंच बरं करायची. नवऱ्यानं, हेरंबनं, दवाखान्याचा विषय काढला, तर म्हणाली, "अहो, कागद काय खोटं बोलतो?"

बुधवारी दुपारी शाल्मली तापानं फणफणली. पोट फळीसारखं ताठ झालं, हात लावू देईना. तेव्हा कुठं दोघांनी तिला उचलून दवाखाना गाठला.

"अपेंडिक्स फुटलंय. पू पोटभर पसरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा दुखण्यात जुलाबाच्या औषधानं ते फुटू शकतं. तुम्ही आत्ता सांगितलंत ते एरंडेल कुणी दिलं?"

"मी. पण पत्रिकेत नगण्य होतं हो!"

"ताई, नगण्य म्हणजे शून्य नव्हे. जनुकं अर्धीच गोष्ट सांगतात. उरलेली दुखणाऱ्याला विचारायची असते."

"वाचेल ना हो माझी पोर?"

"उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही."

रेवतीला रडूही फुटेना. तिच्या हातात आता काहीच नव्हतं. पाजलेला चमचा परत घेता येत नव्हता की पोरीबरोबर आत जाता येत नव्हतं.

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी स्ट्रेचर क्षणभर थांबलं. शाल्मलीनं कसेबसे डोळे उघडले आणि आईचा पदर चाचपून धरला.

"आई, आता तरी खरं वाटतंय ना गं तुला?"