फॅरेडेच्या हातातलं वेटोळं

हिंदी मुलखातल्या मराठी वस्तीत, चेरीतालच्या शाळेसमोर मायकेल फॅरेडे उभे आहेत. चुंबकातून वीज काढणारे शास्त्रज्ञ. मूर्तिकाराचा हात मात्र पुढाऱ्यांच्या पुतळ्यांवर बसलेला, म्हणून फॅरेडेंचा उजवा हात मतं मागितल्यासारखा वर आहे. डाव्या हातात खऱ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं.

ते चोरीला गेलं, तेव्हा नवं गुंडाळायला खमरियाहून गुणवंत आला. तो विजेच्या मोटारी रिवाइंड करायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. समोरून विज्ञान शिकवणारी सुनेत्रा चालली होती.

"मॅडम, जरा शिडी धरता? हे साहेब तर हात देऊन नाही राहिले."

ती हसली. शिडी धरली. तीनशे वेढे दोघांनी मोजले. आकडे काही जुळले नाहीत.

"पुन्हा मोजायचे?" तिनं विचारलं.

"आता पुढच्या चोरीला!"

झालं! पुढच्या रविवारी, सगळं चेरीताल वरणभात जेवून आडवं झालेलं असताना, विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेतलं स्टूल आणलं आणि आयुष्यातली पहिली चोरी केली.

अशा सात चोऱ्या झाल्या. दर वेळी गुणवंत यायचा, खोव्याची जलेबी आणायचा.

"शिडी काहून इतकी जपून धरता?"

"पडलात तर... पुढच्या चोरीला कोण येईल?"

तो वेढे सावकाश घालायचा. फार सावकाश.

मग पुतळा समितीच्या अंबादासजींनी छडा लावला: जो तार बसवतो, तोच नेतो. भर सभेत गुणवंतला उभं केलं. सुनेत्रा तिसऱ्या रांगेत होती. एकच शब्द बोलायचा होता — 'मी'. ती उठली. सगळे बघायला लागले. नोकरी... बाबा... शेजारी...

तिनं पंखा मोठा केला आणि खाली बसली.

"चलो," गुणवंत म्हणाला, "मीच समजा."

चोराकडे मोटार कोण देणार? आठवड्यात त्याचं दुकान बंद पडलं. सुनेत्रा बस स्टॅंडवर पोचली, तेव्हा तो रायपूरच्या बसपाशी उभा होता. तिनं पिशवी पुढे केली. आत सात वेटोळी.

"हे... मीच..."

"माहीत आहे. पहिल्या चोरानं तार कापली होती. नंतरच्यानं एकेक वेढा उलगडला. चोराला इतकी सवड कुठून राहते, सुनेत्राजी?"

"मग बोलला काहून नाहीत?"

"तुमची वाट पाहून राहिलो होतो. सभेत तुम्ही उठल्या ना... मला वाटलं, आता बोलतात." तो हसला. "गरमी होती म्हणा त्या दिवशी."

बस निघाली. पिशवी तिच्याच हातात राहिली.

फॅरेडेंच्या हातात आता सिमेंटचं वेटोळं आहे. ते चोरता येत नाही. सुनेत्रा दहावीला शिकवते: चुंबक वेटोळ्यात हलवला, की वीज येते.

"और सिर्फ़ पास में पकड़े रहें तो, मैडम?" एक मुलगा विचारतो.

"काही नाही," ती मराठीतच म्हणते. "काही होत नाही."

एप्रिलचं ऊन असतं. मुलं पंखा लावा म्हणतात. ती लावत नाही.