बलियांखालचं पाणी

रजनी सिस्टरांना एका गोष्टीचा भारी तोरा होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभायचा. आपल्या दवाखान्यात फवारणीचा पेशंट आला तर कोणी सैरावैरा धावत नाही, जो तो आपापल्या जागेवर उभा असतो, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

वणीच्या वाटेवरचं तालुक्याचं ते साधं रुग्णालय. आदल्या हंगामात कापसावर अळी पडली, लोकांनी औषधावर औषध मारलं, आणि टेम्पो भरभरून माणसं इथं आली. तोंडाला फेस, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्यांना यवतमाळला पाठवता पाठवता काहींनी रस्त्यातच डोळे मिटले. तेव्हापासून सिस्टरांनी कंबर कसली. दाराबाहेर नळांची रांग बसवून घेतली. औषधाचे कपडे आधी उतरवायचे, साबणानं अंग धुवायचं, मगच आत खाट. बायांसाठी हिरवा पडदा त्यांनी घरच्या मशीनवर शिवला.

आज त्या सगळ्याची परीक्षा होती. जिल्ह्याचे डॉक्टर अनंत साहेब रंगीत तालीम बघायला आले होते. त्यांचं समाधान झालं तर पेशंट इथंच ठेवायला परवानगी. नाहीतर पुन्हा तोच यवतमाळचा रस्ता. सिस्टरांना रात्रभर झोप नव्हती.

दुपारी खोटे पेशंट आले. औषधाऐवजी त्यांच्या अंगावर कपड्यांची नीळ कालवून शिंपडली होती. ही सिस्टरांचीच युक्ती. धुतल्यावर कुठं निळं राहिलं तर धुणाऱ्याची कानउघाडणी. पेशंट झालेला वॉर्डबॉय खेमसिंग कानामागून निळाच आत निघाला, तर सिस्टरांनी त्याला दंडाला धरून परत नळाखाली उभं केलं. साहेब हसले. नालीतून निळं पाणी वाहत होतं, आणि सगळं कसं घड्याळासारखं चाललं होतं.

तेवढ्यात वास आला. उग्र, घशात बसणारा. निळीला वास नसतो. सिस्टरांना वाटलं, शेजारच्या वावरात कोणी फवारत असेल.

पडद्यामागं स्टुलावर एक बाई बसली होती. घेरदार घागरा, ओढणी तोंडावर, दंडापर्यंत बंजारा तांड्यावरच्या बायांच्या पांढऱ्या बांगड्या, बलिया. खोट्या पेशंटांत बाई म्हणून एकटी शीला यायची होती, दवाखान्यातल्या आया रुपीबाईंची सून.

"वा शीला, नाटक झकास करून राह्यली तू," सिस्टर म्हणाल्या आणि तिच्या अंगावर पाणी सोडलं.

पाणी निळं झालं नाही. दुधासारखं पांढरं झालं.

शेतीचं औषध पाण्यात पडलं की पाणी असंच होतं. सिस्टरांनी ओढणी वर केली. ती शीला नव्हती. चेहरा ओळखीचा वाटला, पण ओळख काढत बसायला सवड कुठं होती? त्यांनी पापणी उघडून पाहिली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. हे नाटक कोणाला करता येत नाही.

"खरा पेशंट आहे," त्या पडद्याबाहेर म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

आणि काय सांगावं, त्यांची माणसं. कोणी विचारलं नाही, कोणी थबकलं नाही. रुपीबाई पुरुषांचे नळ सांभाळत राहिल्या, खेमसिंगनं ऑक्सिजन ओढत आणला, डॉक्टर मंदार इंजेक्शन भरूनच पडद्याशी आले. सिस्टरांचा ऊर भरून आला.

कपडे उतरले, अंग तीनदा धुतलं. तरी पांढरं पाणी थांबेना. ते बलियांच्या खालून येत होतं.

सिस्टरांचा हात तिथंच अडला. आदल्या हंगामात अशीच एक बाई आली होती, हातानं औषध कालवणारी. तिचे कपडे बदलले, अंग पुसलं. पण नवरा जिता असताना बलिया उतरवत नाहीत, म्हणून तांड्यावरच्या बाया आडव्या आल्या, आणि सिस्टरांनाही ते पटलं. इंजेक्शननं ती सुधारायची आणि पुन्हा बिघडायची. यवतमाळ यायच्या आधीच ती गेली.

समोरच्या बाईनं आपणहून दोन्ही हात पुढे केले. मग एकेक बलिया काढून सिस्टरांच्या हातातल्या ट्रेमध्ये ठेवली. खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली होती.

सिस्टरांनी ती धुतली. पाणी स्वच्छ झालं.

"बाहुल्या मोठ्या झाल्या, सिस्टर," मंदार म्हणाले. "छाती मोकळी झाली."

पडद्यापलीकडून अनंत साहेब म्हणाले, "पेशंट इथंच राहतील. आणखी काही पाहायची गरज नाही."

सिस्टर कोरी चादर घ्यायला वळल्या. परत पाहिलं तर स्टुलावर कोणी नव्हतं. स्टूल कोरडं होतं.

फाटकाशी ऑटो थांबला. शीला उतरली, अंगावर निळीचे डाग. "टेम्पो पंक्चर झालता, बाई. मले उशीर झाला."

मंदार हातातल्या रिकाम्या सिरिंजकडे बघत होते. "मी दिलं ना इंजेक्शन? तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं," सिस्टर म्हणाल्या.

रुपीबाई ट्रेपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एक बलिया उचलून फिरवून पाहिली.

"ह्या रामीच्या आहेत," त्या म्हणाल्या. "माह्या भाचीच्या. मागच्या साली तुमीच धाडली होती न तिले यवतमाळले."

"तिच्यासोबतच गेल्या असतील ना त्या?" सिस्टरांनी विचारलं.

"तिच्या संगच जळल्या, बाई. म्या डोळ्यानं पाह्यल्या."

त्या दिवसापासून दवाखान्याचा नियम झाला: बलिया आधी उतरवायच्या. तांड्यावर जाऊन तो रुपीबाईंनीच सांगितला, आणि बायांनी निमूट ऐकला. रामीच्या बलियांचा ट्रे मात्र कोणाच्यानं टाकवला नाही. तो नळांजवळच्या फळीवर राहिला.

फवारणी सुरू झाली. एका दुपारी कोरड्या ट्रेच्या तळाशी थोडं पांढरं पाणी दिसलं. सिस्टरांनी हातमोजे घातले. थोड्या वेळानं तांड्यावरच्या लखीरामला बैलगाडीतून आणलं, तो वाचला. पुढं तसंच होत गेलं. ट्रेमध्ये पाणी दिसलं की माणसं आपापल्या जागी जाऊन उभी राहायची, आणि मग फाटकाशी गाडी वाजायची. त्या हंगामात दवाखान्यातून एकही प्रेत निघालं नाही. साहेबांनी यवतमाळच्या बैठकीत सिस्टरांचं नाव घेतलं, तेव्हा त्यांनी घरी पेढे वाटले.

मग एका भर दुपारी रुपीबाईंनी हाक मारली.

ट्रे काठोकाठ भरला होता. पाणी फळीवरून भिंतीवर, भिंतीवरून फरशीवर उतरत होतं. बाहेर रस्ता रिकामा होता. कुठं गाडीचा आवाज नव्हता.

"सगळे नळ सोडा," सिस्टर म्हणाल्या.

कोणी धावलं नाही. खेमसिंग ऑक्सिजनपाशी, शीला पडद्यापाशी, मंदार इंजेक्शनांच्या टेबलाशी. सिस्टरांनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांना पुन्हा तोच अभिमान वाटला.

"किती जण असतील?" मंदारनं हळूच विचारलं.

सिस्टरांनी दाराकडे पाहिलं. पांढरं पाणी उंबरा ओलांडून फाटकाकडे निघालं होतं, आणि ट्रे अजून भरलेलाच होता.