डाव्या बाजूची सीट

वैजनाथराव सकाळी उठले की आधी गाडी पुसायचे, मग चहा प्यायचे. त्यांच्या बायकोनं, संध्याबाईंनी, या गोष्टीवरून भांडणं कधीच सोडून दिलं होतं. चहा झाकून ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं, असा त्यांचा शिरस्ता.

गाडी होतीच तशी. १९४८ सालची एमजी, टीसी मॉडेल. दोन माणसांची, वरून उघडी, जुन्या औषधाच्या बाटलीसारखी गडद हिरवी. लांबलचक बॉनेट, पुढं दोन मोठे डोळ्यांसारखे दिवे, तारांची उंच चाकं. वसमतच्या रस्त्यावरून ती निघाली की भाजीवाल्या तराजू हातात धरून बघत राहायच्या.

वैजनाथराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. उभं आयुष्य त्यांनी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांच्या लेव्हली बघण्यात घालवलं. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा स्वभाव. निवृत्त झाले त्या साली बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात, सरकीच्या पोत्यांखाली, त्यांना ही गाडी सापडली. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आतला लाकडी सांगाडा वाळवीनं पोखरलेला, इंजिन गंजून दगड झालेलं.

तिला उभी केली ती नासेर मिस्त्रीनं. जुन्या बसस्टँडमागं त्याचं पत्र्याचं गॅरेज. ट्रॅक्टर आणि जीपची इंजिनं उतरवण्यात त्याचं वय गेलेलं. असली गाडी त्यानं कधी पाहिली नव्हती. पण पहिल्या दिवशी बॉनेटवरची धूळ त्यानं फडक्यानं न पुसता तळहातानं पुसली. पुढची पाच वर्षं वैजनाथरावांनी परदेशी पत्रं लिहून पार्ट मागवले, नकाशे काढले, पॉलिश पेपर घासला. बाकी सगळं मिस्त्रीचं. सांगाड्यासाठी त्यानं पुठ्ठ्याचे नमुने कापले आणि सुताराच्या शेजारी बसून सागवानात तो जोडून घेतला. चाकाची तार न् तार नखानं वाजवून तो तिचा ताण ओळखायचा. दोन्ही कार्बोरेटर सारखे श्वास घेतात का बघायला रबरी नळीचं एक टोक तिथं लावायचा आणि दुसरं कानात धरून डोळे मिटायचा.

"साहेब, आता दोघं बराबर बोलून राहिले," असं म्हणून हसायचा.

त्या गाडीत वेगाचा काटा चालवणाऱ्यासमोर नसून डाव्या सीटसमोर आहे. त्यामुळे फेरीला निघाले की वैजनाथराव चालवायचे आणि मिस्त्री आकडे वाचायचा. तीस. पस्तीस. चाळीस. आकडे मैलांचे. मिस्त्री ते अशा आवाजात सांगायचा, जसं काही पोरगं शाळेत पहिलं आलंय.

मिस्त्री गेला तो फेब्रुवारीत. हळद शिजवायचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कढयांची वाफ आणि ओल्या हळदीचा कडवट वास. दोघं औंढ्यापर्यंत जाऊन परत निघाले होते. शिरडशहापूरच्या फाट्यावर वैजनाथरावांनी गाडी बाजूला घेतली, कारण माणसं हात करत होती. बघता बघता तीस-चाळीस जण जमले.

येताना मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, छातीत जळजळ होऊन राहिली. सकाळची मिरची बाधली वाटतं."

वैजनाथरावांनी ते ऐकलं होतं. ऐकूनही ते उतरले. कुणी साल विचारत होतं, कुणी ॲव्हरेज. एक जण मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. त्यानं विचारलं, "काका, ही बनवली कोणी?"

"मीच. सगळं मीच केलं," वैजनाथराव म्हणाले. "पाच वर्षं. हिचा एक एक खिळा या हातानं ठोकला."

मिस्त्री दोन हात अंतरावर, डाव्या सीटवर बसलेला होता.

"साहेब," तो म्हणाला, "चला न आता."

"झालंच, मिस्त्री," असं म्हणून वैजनाथरावांनी बॉनेटचा एक पंख उचलला आणि लोकांना इंजिन दाखवायला लागले.

परत येऊन बसले तेव्हा मिस्त्रीची मान दाराकडं कलली होती आणि सदरा पिळून काढावा इतका ओला होता. त्यांनी गाडी वसमतपर्यंत पळवली. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर…"

मिस्त्रीची बायको, फातिमाबी, दवाखान्याच्या पायरीवर भेटली. तिनं एवढंच विचारलं, "वाटेत कुठं थांबले का भाऊ?"

"कुठंच नाही," वैजनाथराव म्हणाले. "सरळ आणलं, भाभी. एकदम झालं सगळं."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग मान खाली घालून आत गेली.

दीड महिना गाडी कापडाखाली होती. वैजनाथरावांना जेवण जात नव्हतं. पण माणूस सवयीचा गुलाम. एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी कापड काढलं आणि एकटेच कुरुंद्याच्या रस्त्याला निघाले. ऊन कोवळं होतं, इंजिन गोड चाललं होतं. वळण संपून सरळ रस्ता लागला आणि त्यांच्या मनात आकडा आला. अडतीस.

त्यांनी वाकून डावीकडं बघितलं. काटा अडतीसवर होता.

सवयीनं अंदाज येतो, त्यांनी स्वतःला समजावलं. मग इंजिनिअरनं करावं तेच केलं. पुढच्या दहा किलोमीटरमध्ये वीस वेळा तपासलं. वेग मुद्दाम वेडावाकडा ठेवला, आधी आकडा मनात येऊ दिला, मग वाकून बघितलं. वीसच्या वीस वेळा आकडा बरोबर निघाला. एका मैलाचाही फरक नाही. शेवटच्या दोन-तीन वेळा त्यांच्या लक्षात आलं, की आकडा आपल्या मनात येत नाहीये. तो डाव्या कानाकडून येतोय.

कुरुंद्यात एका हॉटेलासमोर ते थांबले. माणसं जमलीच. कौतुक सुरू झालं तसं त्यांना जरा बरं वाटलं. तेवढ्यात हॉटेलवाली बाई, जिवनबाई, पाण्याचा गिलास घेऊन आली. वैजनाथरावांनी हात पुढं केला. ती त्यांना वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि गिलास दाराच्या कडेवर ठेवला.

"इकडं कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"त्याईनं मागितलं न," ती म्हणाली. मग रिकाम्या सीटकडं बघून घोटाळली. "आताच बसले होते… उतरले का?"

वैजनाथराव हसले.

ते घरी आल्यावर संध्याबाई गाडीतून त्यांनी आणलेली भाजीची पिशवी काढत होत्या. त्यांनी डाव्या सीटवर हात टेकला आणि झटकन मागं घेतला.

"कुणाला बसवलं होतं हो? चामडं ओलंचिंब हाय."

"पाणी सांडलं असेल."

"पाणी असं कोमट असतंय का?" त्या म्हणाल्या आणि हात पदराला पुसत आत गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी त्या गाडीला हात लावला नाही.

वैजनाथरावांनी सीट उन्हात ठेवली. गादी उसवून आतला काथ्या बदलला. चामड्यावर पांढरट मिठाचा डाग उमटला होता, पाठीच्या आकाराचा. तो साबणानं धुतला, पॉलिशनं घासला. फेरी मारून आलं की डाग परत तिथंच असायचा.

तरी ते गाडी काढत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना लोकांच्या तोंडून तेच शब्द ऐकायचे होते. काय गाडी हाय! कुणी केली ही! आणि दर वेळी त्यांच्या तोंडून तेच उत्तर निघायचं. या वेळी मिस्त्रीचं नाव घ्यायचं, असं ठरवून निघायचे. माणसं जमली की जीभ जुन्याच वळणानं जायची. "मीच. एक एक खिळा." रात्री मग छताकडं बघत पडून राहायचे.

जूनच्या एका सोमवारी ते औंढ्याला गेले. नागनाथाच्या दर्शनाला गर्दी होती. पार्किंगमध्ये गाडीभोवती कडं झालं. वैजनाथरावांनी बोलायला सुरुवात केली आणि त्यांच्या लक्षात आलं, की गाडीकडं कुणी बघत नाहीये.

सगळे डाव्या सीटकडं बघत होते.

आवाज हळूहळू कमी झाले. बायकांनी लेकरांना मागं ओढलं. पांढरं धोतर नेसलेला एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. नाव हरिचंद, असं कुणीतरी म्हणालं. तो वैजनाथरावांच्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात, चारचौघांत एखाद्याची चूक झाकावी तसं, म्हणाला,

"साहेब, गाडी मागून दाखवा. आधी त्या माणसाला दवाखान्यात न्या की. काहून थांबले?"

वैजनाथराव वळले. त्यांनी सीटकडं बघितलं. सीट रिकामी होती. चामडं मात्र कुणीतरी बसल्यासारखं दबलेलं होतं, आणि ते वर येत नव्हतं.

ते परतले ते सरळ वसमतला. शिरडशहापूरचा फाटा आला, माणसांनी हात केले. ते थांबले नाहीत. डाव्या कानाशी सगळ्या रस्त्यानं एकही आकडा आला नाही.

फातिमाबीच्या घरासमोर त्यांनी गाडी लावली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. घर दोन खोल्यांचं, पुढं लिंबाचं झाड. गल्लीतली सगळी झोपलेली. फातिमाबीनं दार उघडलं, गाडीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "या भाऊ. बसा."

सतरंजीवर दोघं समोरासमोर बसले. पंखा कुरकुरत होता.

"भाभी," वैजनाथराव म्हणाले, "मी खोटं बोललो. त्या दिवशी मी थांबलो होतो. फाट्यावर."

"व्हय," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याईनं फोन लावला होता मला. गाडीतून." तिचा आवाज सपाट होता. "एकदाच 'फातिमा' म्हणले. मग बोलवेना त्याईला. पण फोन चालूच होता. मानसाईचा गलका, गाड्याईचे हॉर्न. अन् तुमी बोलून राहिले होते."

वैजनाथरावांनी डोळे मिटले.

"'एक एक खिळा या हातानं ठोकला.' ऐकलं मी."

"मग मला का नाही विचारलं, भाभी? पायरीवरच का नाही…"

"विचारलं न. थांबले का म्हणून विचारलं." तिनं वर बघितलं. "किती वेळ थांबले होते, भाऊ?"

आता तरी खरं बोलायचं होतं. त्यासाठीच आले होते. पण ज्या माणसानं आयुष्यभर पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवली, त्याच्या तोंडून निघालं,

"चार-पाच मिनिटं असतील."

फातिमाबी उठली. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीतून तिनं रुमालात बांधलेलं काहीतरी आणलं आणि गाठ सोडली. आत मिस्त्रीचा बटणांचा फोन होता. मागचं झाकण निघालेलं, बॅटरी फुगून वेगळी पडलेली, सिमची जागा रिकामी.

"सिम तर मार्चमधीच बंद केलं," ती म्हणाली. "हे बी असंच पडून हाय."

वैजनाथराव त्या फोनकडं बघत होते. म्हणून आवाज दुसरीकडून आला तेव्हा ते दचकले.

फातिमाबीचा स्वतःचा फोन तिच्या गुडघ्याशी वाजत होता. पडद्यावर नाव होतं. नासेर.

ती घाबरली नाही. तिनं बटण दाबलं, स्पीकर लावला.

आधी गलका आला. मग ट्रॅक्टर गेल्याचा आवाज. मग कुणीतरी विचारलं, काका, ही बनवली कोणी?

"मीच," फोनमधून वैजनाथराव म्हणाले. "सगळं मीच केलं."

सतरंजीवर बसलेल्या वैजनाथरावांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

त्या आवाजाच्या खाली, फोनला अगदी चिकटून, कुणीतरी श्वास घेत होतं. आत ओढायचं, थांबायचं. परत ओढायचं.

"भाभी, बंद करा," ते म्हणाले.

तिनं मान हलवली.

त्यांनी फोनकडं हात नेला. तिनं तो उचलून बाजूला घेतला. रागानं नाही, तापलेल्या भांड्यापासून लेकराचा हात दूर करावा तसा.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "अकरा मिनिटं चालतंय."

मग तिनं फोन परत दोघांच्या मधे ठेवला, पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि रोजच्यासारखी ऐकायला बसली.