न उघडलेलं इंजिन

"खोटं! साफ खोटं!" नीलाने असा पाय आपटला की जिन्यातली कबुतरं फडफडून उडाली. "मी स्कूटरचा प्लग काढला, घासला, परत लावला. एवढ्याने पिस्टन जळतो होय?"

"मला काय विचारतेस? मी पाचवीत आहे," तिचा धाकटा भाऊ श्याम म्हणाला.

"पण बाबा मार्केटमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, 'बच्ची ने बिगाड़ दी'! माझ्या देखत!"

काटा रुतला होता तो तिथे. दसऱ्याला सोनं वाटायला निघालेले बाबा दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या पुलावरून स्कूटर ढकलत घरी आले होते. दुसऱ्या दिवशी नीलाने पुस्तकात बघून प्लग साफ केला. एका किकमध्ये गाडी सुरू! बाबा खूश. पण पहिल्याच वळणावर ती पुन्हा रुसली आणि दीनानाथ मिस्तरीच्या दारात जाऊन पडली. "किसने छेड़ा इसे?" त्याने विचारलं, आणि बाबांनी सरळ लेकीकडे बोट दाखवलं.

आज त्याचा निरोप आला होता. इंजिन पूर्ण खोललं, पिस्टन गेला, गाडीत राम उरला नाही. मानेसरला माझा मेहुणा आहे, तो भंगाराच्या भावात घेऊन जाईल. संध्याकाळी गाडीचे कागद घेऊन या.

"आणि बाबा निघाले कागद शोधायला!" नीला धुमसत होती. "स्वतः कधी एक स्क्रू पिळणार नाहीत. 'ज्याचं काम त्यानं करावं' म्हणे! चल, विलासला हाक मार. गाडी जाण्याआधी एकदा बघून तरी येऊ."

विलास शेजारच्या हेमलताकाकूंचा मुलगा. तेरा वर्षांचा, उंच आणि वाचाळ. "चलो यार!" म्हणत तो चपला न घालताच खाली आला.

मार्केटच्या मागे, मिस्तरीच्या दारातल्या कडुलिंबाखाली त्यांची निळी स्कूटर धुळीत उभी होती. आजारी गाय दावणीला उभी असावी तशी. मिस्तरी समोरच्या टपरीवर चहा पीत बसला होता.

नीलाने उजवीकडचा पत्रा काढला आणि वाकून बघितलं. एकदम तिचे डोळे चमकले.

"श्याम, खंडेनवमीला स्कूटरची पूजा कुणी केली?"

"बाबांनी. आणि तू इंजिनाच्या एकेका स्क्रूला हळदीकुंकू लावत बसलीस. आई ओरडली, कुंकू संपवशील म्हणून."

"मग हे बघ! इंजिनावरच्या या झाकणाचे तिन्ही स्क्रू. हे काढल्याशिवाय पिस्टन दिसतसुद्धा नाही. आणि कुंकू?"

"जसंच्या तसं!" विलास किंचाळला. "बोटाचा ठसासुद्धा मोडला नाही! हत्यार लागलंच नाही याला!" मग कमरेवर हात ठेवून, भोंडल्यात फेर धरतात तसा तो नाचायलाच लागला.

"न उघडलं इंजिन बाई, उघडलंय म्हणे!
कुंकू नाही पुसलं तरी पिस्टन जळला म्हणे!"

"गप्प रे! तो बघेल," नीला म्हणाली. पण रागाने तिचे कान लाल झाले होते. हात न लावता निकाल देतो! आणि गुन्हेगार मी!

"पण मग गाडी बंद का पडते?" श्यामने विचारलं. प्रश्न बरोबर होता. थोडं चालते, थांबते. बराच वेळ उभी ठेवली की पुन्हा चालते. नीलाने सीट उचलली. खाली पेट्रोलच्या टाकीचं झाकण, आणि झाकणावर बाबांनी काढलेलं जाड स्वस्तिक. हळद, कुंकू, वर अक्षता, सगळं वाळून सिमेंटसारखं घट्ट. मधलं बारीकसं भोक पार बुजलं होतं.

"श्याम, आई तेलाच्या डब्याला भोकं किती पाडते?"

"दोन. एक तेल यायला, एक हवा आत जायला. नाहीतर तेल अडतं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बिल्कुल हात लावायचा नाही," नीला म्हणाली. "आधी बाबा येऊ देत."

बाबा कागद घेऊन आले, मागोमाग भाजीची पिशवी घेऊन हेमलताकाकू. नीलाने बाबांना ते तीन स्क्रू दाखवले. बाबांचा चेहरा पडला. एवढ्यात मिस्तरी आला. "अरे साहब, बच्चों की बात में आ गए?"

"तुम्ही फक्त मार्केटला फेऱ्या मारा, बाबा," नीला म्हणाली.

गाडी सुरू झाली. मिस्तरीने मान वळवली. तिसऱ्या फेरीला घर्रर्र करत ती बरोबर त्याच्याच दारात थांबली.

"देखा? बोला था ना!"

नीलाने सीट उचलली आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स्! कोंडलेल्या टाकीने श्वास घेतला. श्यामच्या शर्टाची सेफ्टी पिन काढून तिने भोक मोकळं केलं, झाकण लावलं. "मारा किक!"

गाडी गरजली. तीन फेऱ्या, पाच, दहा! विलास मोजताना दमला, गाडी नाही.

"तुक्का लग गया बच्ची का," मिस्तरी पुटपुटला.

बाबांनी इंजिन बंद केलं. ते मिस्तरीशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. आज ते थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तुक्का नहीं, दीनानाथजी. आपने खोला तक नहीं, और मैंने आँख मूँदकर मान लिया. इसी जगह मैंने कहा था, बच्ची ने बिगाड़ दी. गलत कहा था. पूजा करके हवा मैंने बंद की. गाड़ी मैंने बिगाड़ी, इसने ठीक की."

"शाब्बास गं पोरी!" हेमलताकाकूंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "मोठ्यांनी बघायचं ते तू बघितलंस!"

पण नीलाचा राग अजून पुरता उतरला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी तो कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही ऐकत होता. आत्ता त्याला ऐकू गेलं नाही."

बाबांनी लेकीकडे बघितलं, घसा खाकरला, आणि सगळ्या मार्केटला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.