खर्ज ऐकायला लांब जावं लागतं

"या गिटारच्या दोन तारा कुणी चोरल्या हो?"

मी मान वर केली. काओ मावशींच्या वाद्यांच्या दुकानात, गल्ल्यापाशी, एक उंच माणूस उभा होता. रेनकोटावरून पाणी निथळत होतं आणि हातात मुलांच्या प्लास्टिकच्या बासऱ्यांनी भरलेली पिशवी होती. पैसे देऊन झाले होते, तरी तो निघत नव्हता. पाऊस थांबायची वाट पाहतोय, म्हणाला. तैवानच्या कीलुंगमध्ये! इथे पावसाची वाट पाहत बसलं तर माणूस म्हातारा होईल.

"चोरल्या नाहीत," मी म्हणाले. "बेस गिटारला चारच असतात. जाड, खर्जाच्या."

"बरं झालं विचारलं. मी पोलिसांत चाललो होतो."

मला हसायचं नव्हतं... पण हसले.

माझं सगळं लक्ष टेबलावरच्या दोन पेट्यांकडे होतं. स्पीकरच्या पेट्या, एक लहान, दुसरी तिच्याहून वीतभर मोठी. शनिवारी बंदरावरच्या चहाघरात आमच्या बँडचा कार्यक्रम होता. माझी जुनी पेटी कपाटाएवढी. ती हाव-तेच्या व्हॅनमधून जायची, आणि तिच्याबरोबर मीही. वसंतात हाव-ते मला सोडून गेला, व्हॅन गेली, आणि त्यानंतरचे कार्यक्रम माझ्याशिवायच झाले. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की यापुढे जे वाजवीन ते माझं मी उचलेन. स्कूटरवर, पायांशी ठेवून. तशी पेटी आज मिळाली नाही, तर शनिवारही गेलाच.

लहान पेटी पायांशी मावत होती, मोठी नाही. वाजवून पाहिली. स्वच्छ, खणखणीत.

"हीच घेते, मावशी."

"अगं येन-निंग, जवळ उभं राहून खर्ज कळतो होय? तो पुढे जाऊन उमलतो. कुणीतरी लांब जाऊन ऐकायला हवं." आणि मावशींनी खुशाल त्या ओल्या माणसाकडे पाहिलं.

"मी जातो," तो लगेच म्हणाला. "चिंग-सुंग माझं नाव. शाळेत शिकवतो. दिवसभर बासऱ्या ऐकून माझे कान खर्जासाठी उपाशी आहेत. किती लांब जाऊ?"

"रस्त्यापलीकडे."

"मग फोन नंबर द्या. तिथून ओरडलो तर लोक मला वेडा म्हणतील."

मावशींना नेमका तेव्हाच खोकला आला.

तो पलीकडच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. मी लहान पेटीवर वाजवलं.

"बोटं ऐकू येतात," फोनमधून आवाज आला. "सूर मात्र दारापर्यंत येतो... आणि पावसाला भिऊन आत पळतो."

मग मोठीवर वाजवलं.

"हा आला. रस्ता ओलांडून आला — थेट बरगड्यांत."

भिजत परतला तो उत्साहानंच. "मोठी घ्या! माझ्या भावाची गाडी आहे. शनिवारी मी पोचवीन. दर शनिवारी पोचवीन!"

किती गोड बोलला... आणि मला हाव-तेची व्हॅन आठवली.

"नको," मी म्हणाले. "गाडीवाला गेला की माझं वाजवणंही जातं. एकदा गेलंय."

वाटलं, आता हा पिशवी उचलेल आणि जाईल. त्याने खरंच पिशवी उचलली, पण नुसती कोरड्या जागी सरकवून ठेवली.

"शनिवारी पेटी कुठे ठेवणार?"

"जमिनीवर, भिंतीशी."

"मग आपण टेबलावर का ऐकतोय?"

मी मावशींकडे पाहिलं, मावशींनी माझ्याकडे. जमिनीला-भिंतीला टेकली की पेटीचा खर्ज भरतो; इतकी वर्षं वाजवून मला सुचू नये! मी लहान पेटी खाली उतरवली, कोपऱ्यात भिंतीला लावली. तो पुन्हा रस्ता ओलांडून गेला. मी संथ, खालचे सूर धरले. जमीन तळव्यांखाली हलकेच गुणगुणू लागली.

"येतंय का ऐकू?"

फोन गप्प.

"चिंग-सुंग?"

"थांबू नका," तो हळूच म्हणाला. "मोठीइतका नाही, खोटं कशाला सांगू. पण आला... इथवर आला. माझ्याशेजारच्या आजींचा पाय हलतोय."

मी थांबले नाही. पेटी केव्हाच ठरली होती, तरी वाजवत राहिले. तोही बस सोडून देत उभा राहिला.

प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पेटी मी एकटीनं बाहेर आणली, स्कूटरवर ठेवली, दोरीनं आवळली. तो हात पाठीमागे बांधून उभा होता. मदतीला बोटही पुढे केलं नाही. पण ते हात कसे शिवशिवत होते, ते मला दिसत होतं. तेवढ्यानंच कुठेतरी आत खर्ज लागला.

"शाळा कुठे तुमची?"

"टेकडीवर. बस येईल आता."

मी सीट उघडून जादाचं हेल्मेट काढलं. "बसा मागे."

"पण एवढी पेटी, वर मी..."

"माझी स्कूटर आहे. कुणाला न्यायचं ते मी ठरवते."

तो बसला. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून पिशवी पोटाशी धरून. चढावर बासऱ्या खुळखुळत राहिल्या.

"शनिवारी मी कुठे उभा राहू?" त्याने कानाशी विचारलं. "लांब... की जवळ?"

"वाजवत असेन तोवर लांब," मी म्हणाले. पुढचं बोलायला एक अख्खं वळण गेलं.

"संपलं की... जवळ."