दुसरी प्रत

मी फरच्या गोदामात कातड्यांची प्रत लावायचो. कातड्यावरून हात फिरवायचा, पहिली की दुसरी ते ठरवायचं. बारा वर्षं हेच काम. एका दुपारी सरकारच्या वकीलबाई मालकाची खोली समजून माझ्याच टेबलापाशी आल्या.

"मालक?"

"जेवायला गेलेत. मी चालेन का?"

"बघू," ती म्हणाली आणि हसली.

आमच्या देशानं सापळ्यात पकडलेल्या जनावरांची फर बाहेरून आणायला बंदी घातली होती. फर विकणाऱ्या देशानं आंतरराष्ट्रीय व्यापार लवादाकडे तक्रार केली होती... दया हे नुसतं निमित्त, यांना स्वतःचा धंदा सांभाळायचाय.

"इथल्या लोकांना हे खरंच मनापासून चूक वाटतं, हे मला दाखवायचंय," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

मी तिचा हात धरून बंदीआधी आलेल्या एका कातड्याच्या पायाजवळ ठेवला. तिथली फर झिजली होती.

"सापळ्यातून पाय ओढत राहतं ते. दोन-दोन दिवस. आम्ही याला दुसरी प्रत म्हणतो."

तिनं हात लगेच काढला नाही.

"हे लिहून द्याल?"

"नोकरी जाईल."

"जाईल. मी आग्रह करणार नाही. पण... मला हवंय."

"काय?"

"जबाब हो! दुसरं काय?" तिचे कान लाल झाले.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बारा वर्षं आल्या आल्या हात घासतोस. मला काय कळत नाही?"

तिसऱ्या दिवशी मी सही केली. मालकानं त्याच दिवशी घरी बसवलं.

चार महिने तिचा पत्ता नाही. मग एका संध्याकाळी ती दारात उभी.

"निकाल लागला. लोकांच्या मनाला पटत नाही, एवढं कारण बंदीला पुरतं म्हणाले. पण आपल्याच शिकाऱ्यांना सूट होती, ती काढा म्हणाले."

"म्हणजे जिंकलो की हरलो?"

"दोन्ही. थोडं थोडं."

"पत्रानं कळवायचं. आणि आधी का नाही आलात?"

"आले असते, तर पलीकडचे वकील म्हणाले असते, जबाब प्रेमापोटी दिलाय." ती थांबली. "खरं सांगा... सही माझ्यासाठी केलीत?"

"नाही."

"बरं झालं. नाहीतर मला आयुष्यभर शंका राहिली असती."

"आयुष्यभर?" मी विचारलं.



आयुष्यभर सोबत राहून ती देवाघरी गेली, त्याला आता वर्ष होईल. पण त्या संध्याकाळी ती दारातून परत फिरली नाही. चपला काढून सरळ आत आईपाशी जाऊन बसली.