कुठला परवा?

मडकं टेबलावर आदळलं आणि फिझाच्या कीबोर्डवर राख सांडली. तिने दचकून वर पाहिलं. समोर एक उंच तरुण उभा होता… नाकावर काजळी, डोळ्यांत राग, आणि अंगाला भांबुर्ड्याच्या पाल्याचा असा वास, की अख्ख्या ऑफिसच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"परवाची यादी तुम्हीच काढता ना?" तो म्हणाला. "मग ही पोपटीही आता तुम्हीच खा. अशी अजून मडकी खाली टेंपोत आहेत!"

शिळफाट्याचं ते ऑफिस बद्रुद्दीन शेठचं. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या फार्महाऊसची बुकिंगं तिथून चालायची. बुकिंगचा सगळा डेटाबेस फिझाच्या हातात होता. आणि हा मुझम्मिल, थंडीच्या सीझनसाठी शेठने नुकताच लावलेला पोपटीवाला; वालाच्या शेंगा नि अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात घालून जाळावर भाजून द्यायचा. दोघं एकमेकांची तोंडं आज पहिल्यांदाच बघत होती, आणि तीही अशी!

"भिवपुरीच्या बंगल्यावर पोचलो, तर दाराला कुलूप. वॉचमन मलाच हसतोय. म्हणतो, 'पार्टी आता कुठं हाय? चार दिस झाले जाऊन!'"

फिझाने यादी उघडली. एक नजर टाकली आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

"शेठ म्हणाले होते, परवाच्या पार्ट्या काढून दे, फोन करून विचारू जेवणखाण कसं वाटलं ते. मी आजच्या तारखेतून दोन दिवस वजा करणारी क्वेरी लिहिली. झालेला परवा."

"आणि शेठनी तीच यादी मला पाठवली. वर नुसतं 'परवा'! मी दोन दिवस मिळवले. येणारा परवा."

घ्या! एकाने वजा केलं, दुसऱ्याने मिळवलं, आणि मधल्या खड्ड्यात पोपटी पडली. कॉम्प्युटर बिचारा सांगितलं तेवढं करतो. आपला 'परवा'च दुतोंड्या, त्याला तो तरी काय करणार? दुसरी एखादी असती तर रडली असती, नाहीतर शेठवर ढकलून मोकळी झाली असती. फिझा तसल्यातली नव्हतीच.

"चूक माझी," ती सरळ म्हणाली. "यादीवर तारीख छापायला हवी होती. उद्यापासून छापीन. आता बसा."

तिने मडक्यात हात घालून वालाची एक शेंग काढली, सोलली, दाणे तोंडात टाकले.

"मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे!"

"कमी आहे."

त्याने स्वतः एक शेंग खाल्ली. मग तिच्याकडे बघून हसला. हसताना नाकावरची काजळी गालापर्यंत पसरली, आणि फिझाला वाटलं, या माणसाला रुमाल द्यावा… किंवा नको, असाच बरा दिसतोय.

दुसऱ्या दिवसापासून यादी थेट त्याच्या मोबाईलवर जायला लागली, ठळक तारखेसकट. म्हणजे त्याला ऑफिसात यायचं काही कारणच उरलं नव्हतं. तरी पठ्ठ्या रोज दुपारी हजर!

"परवाची यादी?" दारातूनच विचारायचा.

"कुठला परवा? अधिक की वजा?"

"तुम्ही द्याल तो."

फोनवर बसणाऱ्या रजियाआपा मुद्दाम खोकायच्या. चहा यायचा. कधी तो बोरं आणायचा, कधी पानात बांधलेली भाजकी अंडी. मीठ मात्र दर वेळी बेताचंच. तिने बोलावं म्हणून तो कमी घालतो, हे तिला कळलं होतं. आणि ते आपल्याला आवडतं, हेही तिने स्वतःशी कबूल करून टाकलं होतं.

अडचण एवढीच, की हा जाळाशी खेळणारा गडी बोलायची वेळ आली की गार पडायचा.

"मला तुम्हाला एक… म्हणजे एक गोष्ट…"

"बोला की."

"परवा सांगतो."

असं किती वेळा झालं! शेवटी एकदा तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"हे बघा. क्वेरीत 'आज अधिक दोन' लिहिलं, की ती रोज नव्याने मोजते. आज रोज बदलतो, म्हणून परवाही रोज पुढे सरकतो. तो कधी हाताला लागतच नाही."

"मग काय करायचं?"

"पक्की तारीख टाकायची."

तो कानापर्यंत लाल झाला, चहा अर्धा टाकून निघून गेला. फिझा वैतागली. आता याहून सोपं करून कसं सांगायचं?

आणि त्या गुरुवारी तो आलाच नाही. दुपार कलली, चहा आला, गार झाला. फिझाचं बोट कीबोर्डवर आणि डोळे दारावर.

"आपा, तुम्ही त्याला काही बोललात?"

"मी कशाला बोलू? सकाळी जरा मेसेज टाकला. म्हटलं, पोराला चटका बसू दे, म्हणजे तोंड उघडेल." रजियाआपांनी मोबाईल पुढे केला. त्यावर होतं, 'परवा फिझाकडे पाहुणे. पनवेलचे. घरचे खूश.' आणि खाली मुझम्मिलचं उत्तर, 'मुबारक.'

"या खुदा!" फिझाने कपाळाला हात लावला. "आपा, याने वजा केलं!"

पाहुणे शनिवारी यायचे होते. या शहाण्याने ते मंगळवारीच आणून, चहा पाजून, लग्न ठरवून परत धाडले होते! फिझाला हसू आलं. पण पनवेलचं स्थळ चांगलं होतं. शनिवारी एकदा अब्बांनी हो म्हटलं, की मागे फिरणं कठीण. तिने स्कूटीची किल्ली उचलली.

आजच्या यादीतल्या खालापूरच्या एका वाडीत तो पेंढा पेटवत होता. तिला बघून उभा राहिला, बघतच राहिला.

"मुबारक कुणाला केलंस रे?" तिने स्कूटीवरूनच विचारलं.

"तुम्हाला. परवा पाहुणे…"

"कुठला परवा?"

त्याच्या हातातला पेंढा गळून पडला. "म्हणजे… अजून यायचेत?"

"यायचेत. पण मला कोण पसंत आहे ते मला आजच माहितीये. नाकाला काजळी लावून हिंडतो, आणि मीठ मुद्दाम कमी घालतो." तिचा आवाज जराही कापला नाही. "माझं सांगून झालं. आता तू बोल."

मागे जाळ भडकला होता, पण त्याला शुद्ध कुठे होती!

"फिझा, मला तू… पहिल्या दिवसापासून. तू मीठ कमी आहे म्हणालीस ना, तेव्हापासून. मी अम्मीला घेऊन येतो तुझ्या घरी. पर…"

त्याने जीभ चावली. फिझाने भुवया उंचावल्या.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या शुक्रवार. नमाज झाली की लगेच."

"उद्या चालेल," फिझा म्हणाली. डोळे भरून आले होते, तरी हसत होती. "उद्याला मागे जाता येत नाही."